ज्याचा चेहरा, त्याचा तुकडा

एका माणसाला त्याचाच फोटो नाकारणारी बाई म्हणून जळगावात माझी बरीच वर्षं बदनामी झाली. हकिगत खरी आहे. रावेरकडचे एक केळीवाले गृहस्थ आमच्या स्टुडिओत आले आणि म्हणाले, मागे काढलेल्या फोटोच्या आणखी प्रती पाहिजेत. मधल्या काळात त्यांचे वडील वारले होते, त्यामुळे डोक्यावर केस नाहीत आणि ओठावर मिशी नाही. त्यांनी दाखवलेल्या जुन्या फोटोत मात्र भरघोस मिशीचा, तेल लावून भांग पाडलेला बाप्या. मी विचारलं, "दादा, तुकडा आणलाय का?"

"बाई, हे काय समोर तोंड आहे माहं! अजून काय पाह्यजे?"

"तोंड बदललंय. तुकडा द्या."

ते तावातावाने बोलायला लागले. बाहेर चार माणसं जमली. शेवटी घाम पुसायला म्हणून त्यांनी टोपी काढली, तर टोपीच्या घडीतून तुकडा खाली पडला. मी तो उचलला, जोडून पाहिला आणि म्हटलं, "किती प्रती करू?" ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढे त्यांच्या घरातल्या सगळ्या लग्नांचे फोटो आमच्याकडेच झाले.

आता हा तुकडा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण हल्लीच्या वाचकांनी निगेटिव्हही पाहिली नसेल. तेव्हा फोटो काढला की आधी निगेटिव्ह तयार व्हायची. तिच्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता यायच्या. म्हणजे फोटो गिऱ्हाइकाच्या घरी गेला तरी त्याचा चेहरा आमच्या कपाटातल्या पाकिटात राहायचा. तो चेहरा कोण मागतं, कशाला मागतं, हे कोण बघणार?

आमच्या भागात लग्नाच्या मुलीचा फोटो फार फिरायचा. धुळ्याहून चाळीसगावला, तिथून मालेगावला, कुठे कुठे. जुळलं नाही तर फोटो परत यावा अशी रीत, पण परत येतच असे असं नाही. दुसऱ्या एका तालुक्यातल्या एका स्टुडिओतून कुणी तरी "मी मुलीचा भाऊ" म्हणून प्रत काढून नेली आणि ती भलत्याच पोराच्या खिशात सापडली. त्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ही बातमी ऐकली त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी तेव्हा सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकत होते. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत, मीही नानाच म्हणायचे. मी म्हटलं, "नाना, आपल्याकडे उद्या कुणी असाच भाऊ आला तर?"

नाना म्हणाले, "तोंड बघून कळतं."

मला काही ते पटलं नाही. तोंड बघून काय कळतं? पण डार्करूममध्ये काम करताना मला एक गोष्ट सुचली. फोटो छापायचा कागद महाग. म्हणून आधी कागदाची एक लहान पट्टी घेऊन तिच्यावर उजेड किती वेळ द्यायचा ते तपासायचं. पट्टीवर चेहऱ्याचा मधला भाग उमटतो, डोळे, नाक, वरचा ओठ, थोडे गाल. एरवी ही पट्टी कचऱ्यात जायची. मी ती कात्रीने मुद्दाम वेडीवाकडी कापून तिचे दोन तुकडे करायला लागले. एक निगेटिव्हच्या पाकिटात, दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात. तुकड्याच्या पाठीवर फक्त पाकिटाचा नंबर. ज्याच्याकडे तुकडा, त्याला प्रत. वाकडी कड वाकड्या कडेत बसली पाहिजे आणि अर्धा डोळा अर्ध्या डोळ्याला जुळला पाहिजे.

आणि एक नियम मी घातला. तुकडा पैसे देणाऱ्याच्या हातात नाही, ज्याचा चेहरा आहे त्याच्या हातात. मग ती सोळा वर्षांची पोर असली तरी. तिने तो आईला द्यावा, भावाला द्यावा, नाही तर चुलीत घालावा. चुलीत घातला आणि येऊन तसं सांगितलं, तर मी तिच्यासमोर निगेटिव्ह फाडत असे.

नाना म्हणाले, "हा फोटो स्टुडिओ आहे का रेशनचं दुकान?" पण त्यांनी अडवलं नाही. पुढे त्यांची नजर अधू झाली, कॅमेराही माझ्याकडे आला, आणि मग तर खेड्यापाड्यातल्या बाया खास आमच्याकडे यायला लागल्या. बाईमाणूस फोटो काढतं म्हणून पदर मोकळा करून बसायच्या, आणि उठताना विचारायच्या, "ताई, मना तुकडा?" नव्वदनंतर सरकारी माणसं मतदार ओळखपत्रासाठी फोटो काढत गावोगाव फिरायला लागली, तेव्हा धरणगावकडच्या एका गावात बायांनी त्यांनाही अडवलं म्हणे, "आमना तुकडा कोठे शे?" ते बिचारे काय सांगणार! ही गोष्ट मला कुणी सांगितली तेव्हा मी दिवसभर उगीचच दुकानात इकडून तिकडे मिरवत होते.

पण त्या तुकड्याची खरी परीक्षा त्याआधीच झाली होती, ऐंशीच्या दशकात. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

धरणगावजवळच्या एका गावचे सुपडू आबा आपल्या मुलीला घेऊन आले. कपाशीची बरी शेती, पांढरंशुभ्र धोतर, आवाज मोठा. मुलगी, त्यांच्या बोलीत आंडेर, सुनंदा; तिला धुळ्याचं स्थळ आलेलं. बारावी झालेली, उंच, सावळी, डोळे असे की कॅमेऱ्याने स्वतःहून फोकस व्हावं. आणि डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, भाजल्याचा डाग. लहानपणी चुलीतली जळती पऱ्हाटी, कपाशीची वाळकी काडी, उडाली होती. आबांनी स्वतःच तिची मान उजवीकडे फिरवून दाखवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, धुयावाला समोरना फोटो मांगतस. हाऊ डाग दिसाले नको."

डाग काढणं हा आमच्या धंद्याचाच भाग होता. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर उजळ, पारदर्शक दिसतो. तिथे लांब टोक काढलेल्या पेन्सिलीने, श्वास रोखून, टिंबं भरत जायचं. छापलं की डाग नाहीसा. देवीचे व्रण, पुटकुळ्या, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं या पेन्सिलीने जायचं. माझा हात त्यात तयार होता, आणि हे मी लाजून सांगणार नाही. सुनंदाचा गाल मी असा भरला की नानांनी भिंग लावलं तरी त्यांना जागा सापडली नाही. "पोरी, तू मला मागे टाकलंस," असं नाना म्हणाले, ते मी अजून जपून ठेवलं आहे.

दोघं फोटो न्यायला आली. आबा खूष झाले. सुनंदाने फोटो हातात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "चांगली शे पोर." दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल बोलावं तसं. माझ्या कौतुकाचा फुगा तिथेच फुटला. मी गुपचूप तुकडा तिच्या हातात दिला आणि तो काय करायचा ते समजावून सांगितलं. तिने तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. आबांचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी भाईदासभाऊ आले. हे लग्न जुळवणारे गृहस्थ. धुळे आणि जळगाव या दोन्हीकडे त्यांचा राबता, आणि कुठल्या लग्नाला कुठला फोटोवाला, हेही पुष्कळदा त्यांच्याच शब्दावर ठरायचं. पण तेव्हा मी त्यांना तोंडाने ओळखत नव्हते. येऊन म्हणाले, "मी सुनंदाचा मामा. निगेटिव्ह पाहिजे, गावात प्रती काढून घेऊ."

"तुकडा?"

त्यांनी अगदी सहज खिशातून तुकडा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, तिनेच दिला असेल. मी पाकिटातला तिचा तुकडा काढला आणि शेजारी ठेवला. इकडे सुनंदाचा डोळा, तिकडे कुठल्या तरी म्हाताऱ्याची पांढरी मिशी! कुणाचा उचलून आणला होता देव जाणे. मी पोट धरून हसले. भाईदासभाऊही बिलंदर माणूस, तेही हसले, आणि मग खरं सांगून मोकळे झाले. आपण मुलाकडचे. मुलीच्या गालावर काही तरी आहे असं कानावर आलं आहे. मुलगी पाहायला जाऊन मग नकार दिला की गावभर बोभाटा होतो, म्हणून आधी खात्री करायची. "निगेटिव्ह नको देऊ. पेन्सिल पुसून एकदा मला दाखव. किंवा नुसतं सांग, डाग आहे का नाही?"

"ते मला नाही, तिला विचारा."

"ताई, बाजारात मी सांगितलं ना, की तुमचे फोटो खोटे असतात, तर इथे कुणी पाऊल ठेवणार नाही."

"सांगा," मी म्हटलं. "आणि हेही सांगा, की इथून कुणाच्या चेहऱ्यातलं काही बाहेर जात नाही."

घर त्या दुकानावर चालत होतं. भाईदासभाऊंनी मनात आणलं असतं तर एका हंगामात आमच्या दुकानाला कुलूप लागलं असतं.

त्यांनी बहुतेक आबांच्याही कानावर काही घातलं असणार, कारण पुढच्याच आठवड्यात आबा स्टुडिओत हजर. घाईत होते. निगेटिव्ह त्यांना हवी होती, आणि आपल्या हाताने जाळायची होती. म्हणजे डाग कुणाला दाखवायलाच उरणार नाही. मंडळी एकदा घरी आली, पोरीचं शिक्षण आणि घरकाम पाहिलं की गालाकडे कोण बघतं, असा त्यांचा हिशेब.

मी विचारलं, "आबा, तुकडा?"

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. "तू बापले तुकडा मांगस?"

"हो आबा. तुकडा सुनंदाकडे आहे."

"मी बाप शे तिना!"

"म्हणूनच बसा म्हणते. पाणी घ्या. पण निगेटिव्ह तिच्या हातात देईन."

आमच्याकडे बापाला असं कुणी बोलत नाही, तेही सून म्हणून आलेल्या बाईने. नाना आत बसले होते, त्यांनी नुसतं खोकून दाखवलं. आबा बाकावर बसले ते बसलेच. आणि थोड्या वेळाने दारात कोण, तर भाईदासभाऊ! पुन्हा एकदा नशीब आजमावायला आले होते. दोघांनी एकमेकांना रामराम केला आणि बाकाच्या दोन टोकांना बसून कपाशीवरच्या बोंडअळीवर बोलायला लागले. दोघांनाही ठाऊक होतं, दुसरा कशाला आला आहे. माझ्या दुकानात एवढी सभ्यता मी पुन्हा कधी पाहिली नाही.

सुनंदा बसस्टँडवर पिशव्या सांभाळत बसली होती. वडील येईनात म्हणून शोधत ती स्टुडिओत आली. बाकावरची दोन माणसं पाहून तिला न सांगताच सगळं उमगलं. ती सरळ माझ्यापाशी आली, पदराची गाठ दातांनी सोडली आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी तिला डार्करूममध्ये नेलं. त्या खोलीचा एक मोठा फायदा होता. उजेड आत आला की कागद वाया जातो, म्हणून दार लावलं की कुणी ते उघडू शकत नसे, मग तो बाप असो की मध्यस्थ. किती तरी बाया खरं काय ते तिथेच बोलल्या आहेत. लाल दिव्यात मी तिला विचारलं, "काय करू? जाळू, का ठेवू, का त्यांना देऊ? तू म्हणशील ते."

ती सांगायला लागली. आधी एकदा मंडळी येऊन गेली होती. तेव्हा मान फिरवलेला, डाग न दिसणारा फोटो पाठवलेला. घर सारवलं, आत्या-मावश्या जमल्या, खिडकीत गल्लीतल्या बाया. तिने चहाचा ट्रे नेला. मुलाच्या काकूने तिचा पदर बोटाने जरा मागे सारला, गाल पाहिला आणि कुणीच कपाला हात लावला नाही. सगळी उठून गेली. "बठ्ठा चहा तसाच र्‍हाई गया, ताई. मी तो मोरीमा वत्या. आते परत नही. त्यास्ले यानं व्हई ते मनं तोंड पाहीसन येवोत."

आधी खरं तोंड पाहावं आणि मगच यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, "मग नवा फोटो काढू? आत्ता काढते."

"नको. त्यास्नापान जो गया, तोच. डाग सुद्धा."

त्यांच्याकडे गेलेलाच फोटो तिला हवा होता, फक्त डागासकट. मी टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला आणि निगेटिव्हवरून फिरवला. इतक्या कष्टाने भरलेली टिंबं एका हातासरशी निघून गेली. माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि ते पुसताना मला जितकं बरं वाटलं तितकं करताना वाटलं नव्हतं. कागदावर उजेड दिला, कागद ट्रेमधल्या रसायनात सोडला. आधी डोळे आले, मग केस, मग ओठ, आणि सर्वांत शेवटी हळूहळू तो गाल. सुनंदा वाकून पाहत होती. रडली नाही. ट्रेच्या कडेला धरलेली तिची बोटं मात्र सैल झाली.

वाचकांचा जीव उगीच टांगणीला नको म्हणून इथेच सांगते, धुळ्याची ती सोयरीक झाली नाही. सुनंदाने पुढे डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाली, आपल्या पसंतीच्या एका मास्तरांशी लग्न केलं, आणि तिच्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठे कुठे आहेत. भाईदासभाऊंनी बाजारात माझी बदनामी केली नाही. उलट मुलाकडच्या लोकांना ते सांगायचे म्हणे, त्या बाईकडे चौकशीला जाऊ नका, वेळ वाया जातो. याच्याइतकी चांगली जाहिरात मला पैसे देऊनही मिळाली नसती. स्टुडिओ बंद करताना कपाटातल्या निगेटिव्ह मी ज्यांच्या त्यांना पोचवायच्या ठरवल्या होत्या. पुष्कळशा पोचल्या, काही ओलीने चिकटून गेल्या, ती हळहळ अजून आहे. हल्ली नातू मोबाइलवर आकडा आला की मला बजावतो, "आजी, हा कुणाला सांगायचा नाही, अगदी बँकवाल्यालाही." मी म्हणते, बाबा, हे मला नको शिकवू.

पण आबांचं राहिलं.

सुनंदा ओला फोटो दोन बोटांनी कडेला धरून बाहेर आली. थेंब जमिनीवर पडत होते. ती आबांकडे न बघता भाईदासभाऊंपुढे उभी राहिली आणि तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून आधीचा फोटो काढला. तीच साडी, तेच कानातले, मागे तीच आमची प्लास्टिकची फुलं. एक गाल गुळगुळीत, एक भाजलेला. भाईदासभाऊंनी दोन्ही फोटो आबांपुढे धरले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी आबांना वाट काढून दिली. म्हणाले, "आबा, फोटोत अदलाबदल झाली असेल. ही दुसरी कोणी असेल. तुम्ही म्हणाल तसं मी धुळ्याला सांगतो."

आबा नुसतं 'हो' म्हणाले असते तर त्या दिवसापुरती सोयरीक वाचली असती. सुनंदा भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाप आपल्याला ओळखतो की नाही, हे ऐकायला ती थांबली होती, आणि नानाही आतून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

आबांनी ओला फोटो हातात घेतला. खूप वेळ पाहिला. घरात रोज समोर असलेला तो गाल त्यांनी इतक्या जवळून किती वर्षांनी पाहिला असेल कोण जाणे. मग मोठ्या आवाजाचा तो माणूस अगदी हळू बोलला, "भाईदासभाऊ, हाई मनी आंडेर शे. धुयावालास्ले सांगी दे, हाईच सुनंदा शे." भाईदासभाऊंनी आधीचा फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि रामराम करून निघून गेले.

आबांनी मांडीवरचा तो फोटो मला परत दिला. ओला मात्र हातातच ठेवला.

"ताई, हाऊ मोठा करी दे. घरमा लावना शे, पुढना खोलीमा."

"करते की," मी म्हटलं. "केवढा करू?"

आबांनी फोटो मुलीकडे दिला आणि दोन्ही हात जितके पसरतील तितके पसरून दाखवले. एवढा मोठा कागद आमच्याकडे नव्हता, सगळ्या जळगावात कुणाकडेच नव्हता.